उमराहचं तिकीट आत्ता काढायचं की थांबायचं?

"सर, तिकीट आत्ताच काढाचं का व्हिसा आल्यावर?"

रजब लागल्यापासून हा प्रश्न आम्हाला कोणी ना कोणी विचारून राहिलं आहे. शाळेत पालक भेटायला येतात तेव्हा, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात, लग्नाच्या दस्तरखानावरसुद्धा. भंडारा जिल्ह्यात ऑनलाइन फॉर्म भरणं, पासपोर्टची मुदत बघणं, मोबाइलवर भाडं काढून दाखवणं ही कामं अजूनही मास्तरकडेच येतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल. पवनीपासून तुमसरपर्यंत अनेक घरांत उमराहची निय्यत झालेली आहे. कोणी धानाचे पैसे हाती आले म्हणून निघतो आहे, कोणी निवृत्तीच्या रकमेतून, तर कोणी वर्षानुवर्षं भिशीत टाकलेल्या पैशांतून. अशा घरांना दोन गोष्टींनी गोंधळात टाकलं आहे. एक म्हणजे रोज बदलणारं विमानाचं भाडं, आणि दुसरं म्हणजे दर काही महिन्यांनी बदलणारे उमराहचे नियम.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. स्वस्तात स्वस्त तिकिटाच्या मागे लागू नका. तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, आणि ते व्हिसाच्या हिशेबाने घ्या. हे का म्हणतो, ते पुढे सविस्तर.

डिसेंबरने दाखवलेलं चित्र

डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले होते, पहिला टप्पा 1 जुलैला आणि दुसरा 1 नोव्हेंबरला. इंडिगोची तयारी अपुरी पडली. 5 डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक या एकाच कंपनीने जातात. त्यामुळे बाकीच्या कंपन्यांची उरलीसुरली तिकिटं आभाळाला भिडली. नागपुरात तर 8 डिसेंबरपासून हिवाळी अधिवेशन होतं, म्हणजे मुंबई-नागपूर मार्गावर एरवीही गर्दीचेच दिवस.

6 डिसेंबरला केंद्र सरकारने भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली. 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 500 ते 1,000 किलोमीटरला 12,000, 1,000 ते 1,500 किलोमीटरला 15,000 आणि त्याहून लांब 18,000. कर आणि विमानतळाचे शुल्क वेगळे. नागपूर-मुंबई मार्ग दुसऱ्या टप्प्यात बसतो. म्हणजे चार माणसांच्या घराला एका बाजूचे 48,000 रुपये अधिक कर, आणि हे सरकारने लगाम घातल्यानंतरचं भाडं!

सरकार भाडं रोज का ठरवत नाही, असं लोक विचारतात. 1994 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला. तेव्हापासून भाडं ठरवण्याचा हक्क कंपन्यांकडे आहे. कोविडच्या काळात मे 2020 पासून किमान आणि कमाल भाड्याची चौकट होती, तीही 31 ऑगस्ट 2022 ला उठली. त्यामुळे संकट आलं की सरकार मध्ये पडतं, एरवी बाजार चालतो. आपल्याला या बाजारातच वावरायचं आहे, म्हणून त्याची रीत समजून घ्यायला हवी.

आठवडी बाजाराच्या उलटी रीत

आपल्या आठवडी बाजारात संध्याकाळ झाली की भाजीचा भाव उतरतो. विकणाऱ्याला माल परत न्यायचा नसतो. विमानात उलट होतं. शेवटच्या दिवसांत तिकीट घेणारा माणूस बहुधा अडलेला असतो. कोणाच्या घरी मयत, कोणाची मुलाखत, कोणाचं ऑपरेशन. तो जास्त पैसे देईल हे कंपनीला ठाऊक असतं.

एका विमानातल्या साध्या वर्गाच्या 180 जागा एकाच भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते. सगळ्यात स्वस्त गटात थोड्या जागा, त्या संपल्या की पुढचा गट, मग त्याच्या पुढचा. कोणत्या गटात किती जागा ठेवायच्या हे मागणी पाहून सतत बदललं जातं. म्हणून सकाळी पाहिलेलं भाडं दुपारी दिसत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही एकदम सहा जणांचं तिकीट शोधलं आणि स्वस्त गटात चारच जागा उरल्या असतील, तर अनेकदा सहाही जणांना महागडा भाव दिसतो. अशा वेळी चार आणि दोन असे वेगळे शोधून पाहा.

मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं, ही गोष्ट आम्हीही ऐकली आहे. तिच्यावर विसंबू नका. तिकीट कोणत्या वारी काढता यापेक्षा प्रवास कोणत्या वारी करता याने जास्त फरक पडतो. शुक्रवार-रविवारपेक्षा आठवड्याच्या मधले दिवस बहुधा हलके असतात.

हे झालं भाड्याचं. फक्त एवढंच असतं तर उत्तर सोपं होतं: लवकर काढा. पण उमराहला भाड्याच्या जोडीला नियम आहेत.

एका वर्षात किती नियम हलले

2025 या एका वर्षात काय काय झालं पाहा.

फेब्रुवारीत सौदी अरबने उमराहच्या प्रवाशांना मेंदूज्वराची लस सक्तीची केली. 10 तारखेपासून ती लागू व्हायची होती. लोक लस शोधत फिरले, आणि लागू होण्याआधीच तो आदेश मागे घेतला गेला.

एप्रिलमध्ये उमराहचा हंगाम बंद झाला. आत जाण्याची शेवटची तारीख 13 एप्रिल, बाहेर पडण्याची 29 एप्रिल म्हणजे 1 जिल्काद. त्याच्या आदल्या वर्षी, 2024 मध्ये, मे महिन्यातही उमराहचे लोक तिकडे होते.

जूनमध्ये हजनंतर नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा मुक्कामाच्या हॉटेलची नोंद त्यांच्या नुसुक यंत्रणेत झाल्याशिवाय व्हिसा नाही, असं ठरलं. त्याच महिन्यात इराण-इस्रायल संघर्ष पेटला. 23 जूनला कतार, संयुक्त अरब अमिराती, बहरैन आणि कुवेत यांनी काही तासांसाठी आपलं आकाश बंद केलं. नागपूरहून उमराहला जाणारे बरेच लोक शारजा किंवा दोहामार्गे जातात. त्यांच्यासाठी ही लांबची बातमी नव्हती.

आणि वर्षाच्या अखेरीस सगळ्यात महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी उमराहचा व्हिसा निघाल्यापासून तीन महिन्यांत कधीही सौदीत प्रवेश करता येत होता. नोव्हेंबरपासून ही मुदत एक महिना झाली. तिकडे राहण्याची मुदत तीन महिनेच आहे. पण महिन्याच्या आत प्रवेश केला नाही तर व्हिसा रद्द.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पूर्वी घरचे मोठे सांगायचे, "पहले व्हिसा, फिर टिकट." व्हिसा हातात आला की दोन महिने पुढचं तिकीट आरामात काढता येत होतं. आता व्हिसा आला की प्रवासाला जास्तीत जास्त तीस दिवस उरतात. आणि हेच तीस दिवस भाडं चढण्याचे दिवस असतात. व्हिसाची वाट पाहावी तर तिकीट महागतं. तिकीट आधी काढावं तर व्हिसाचा भरवसा नाही. सध्या सगळी घरं या कात्रीत सापडली आहेत.

आमच्याच घरची चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी आमची स्वतःची गोष्ट सांगणं भाग आहे.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही घरच्या पाच जणांची जेद्दाची तिकिटं काढली. एका कंपनीचा सेल चालू होता, नागपूरहून मुंबईमार्गे, दरमाणशी 27,500 रुपये येण्या-जाण्याचे. एजंट म्हणाले, "सर, हे भाडं पुन्हा मिळणार नाही." परीक्षा संपल्यावर सुट्टीत जाऊ असा विचार करून आम्ही एप्रिलच्या अखेरची तारीख घेतली. तिकिटावर लिहिलं होतं की रक्कम परत मिळणार नाही. आम्ही ते वाचलं आणि पुढे गेलो, कारण रद्द करायचं काही कारणच नव्हतं.

रमजानमध्ये व्हिसाचं काम सुरू केलं, तेव्हा कळलं की त्या तारखेला उमराहचे लोक आत जाणार नाहीत, उलट बाहेर पडतील. वर्गात मुलांना हिजरी महिन्यांची नावं पाठ करून घेणारे आम्ही, आणि तिकीट काढताना फक्त इंग्रजी कॅलेंडर पाहिलं. त्यात त्या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर 25 एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या. म्हणजे लवकर निघण्याचीही वाट बंद.

एजंट म्हणाले, काहीच परत मिळणार नाही. आम्ही नियम शोधून वाचले, लेखी अर्ज केला. कर आणि विमानतळाचे शुल्क तेवढे परत आले, माणशी साधारण चार हजार. बाकी एक लाख सतरा-अठरा हजार गेले.

आमचा पगार आहे, आम्ही ते सोसलं. पण त्या पाच तिकिटांत एक आमच्या खालाचं होतं. ती तुमसरला राहते. खालूंच्या इंतकालनंतर तिने बिड्या वळून घर चालवलं, मुलींची लग्नं केली. तिकिटाचे पैसे तिने स्वतः दिले होते, आमच्याकडून घ्यायला तयार नव्हती. आम्ही तिला सांगायला गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पैसे गये तो गये बेटा. अब फिर कब?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

मग तिकीट काढायचं केव्हा

त्या अनुभवानंतर आम्ही तिकीट काढण्याआधी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

पहिला: तारीख कोणाच्या हातात आहे? लग्न, शाळेचा प्रवेश, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे जाणं, यांची तारीख आपण ठरवतो. अशा प्रवासाचं तिकीट लवकर काढा. देशातल्या प्रवासाला महिना-दीड महिना आधी, दिवाळी-ईदच्या दिवसांत त्याहूनही आधी. यात थांबून फायदा क्वचितच होतो. उमराहची तारीख मात्र अर्धी आपल्या हातात आहे आणि अर्धी सौदी सरकारच्या. तिथे फक्त भाडं पाहून चालत नाही.

दुसरा: रद्द केलं किंवा तारीख बदलली तर किती पैसे जातील? हा आकडा तिकीट काढण्याआधी कागदावर लिहा. एकाच विमानाची दोन-तीन प्रकारची भाडी दिसतात. सगळ्यात स्वस्त भाड्यात मूळ भाडं बहुधा परत मिळत नाही, आणि थोड्या महागड्या भाड्यात तारीख बदलता येते. हा फरक दोन-चार हजारांचा असेल, तर उमराहसाठी तो जरूर द्या. तारीख बदलताना त्या दिवशीच्या भाड्याचा फरक भरावा लागतो हेही लक्षात ठेवा. पण सगळी रक्कम बुडण्यापेक्षा ते बरं.

तिसरा: अख्खा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? याबद्दल पुढे सांगतो.

या तीन प्रश्नांवरून उमराहसाठी आमची पद्धत अशी ठरली आहे. जाण्याच्या दोन ते अडीच महिने आधी तारीख बदलता येणारं तिकीट घ्यावं. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी, हॉटेलची नोंद झाल्यावर, व्हिसाचा अर्ज करावा. व्हिसा अडला तर तारीख पुढे ढकलावी. ज्यांना बदलता येणारं तिकीट परवडत नाही, त्यांनी व्हिसा येईपर्यंत थांबावं आणि गर्दीचे दिवस टाळावेत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत भाडंही चढतं आणि हॉटेलही. शाबानमध्ये किंवा शव्वालच्या पहिल्या दिवसांत तोच प्रवास हलक्या खर्चात होतो.

आता 2026 चं कॅलेंडर पाहा. सगळ्या तारखा चाँदवर अवलंबून आहेत, एक-दोन दिवस इकडेतिकडे होतील. ईद मार्चच्या 20-21 तारखेच्या सुमारास. गेल्या वर्षीसारखाच नियम धरला तर उमराहसाठी आत जाण्याची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपेल, आणि 18-19 एप्रिलपर्यंत सगळ्यांना बाहेर पडावं लागेल. हज मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. म्हणजे मे महिन्याची सुट्टी धरून उमराहचं तिकीट कोणीही काढू नये.

पण विदर्भातल्या घरांसाठी एक संधी आहे. आपल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. गेल्या वर्षी हज संपल्यावर लगेच नवा हंगाम सुरू झाला होता. यंदाही तसंच झालं, तर जूनचे पहिले दोन-तीन आठवडे शाळकरी मुलं आणि शिक्षक दोघांनाही मोकळे सापडतील. ऊन तिकडे कडक असतं, म्हाताऱ्या माणसांनी विचार करावा. चाँदचं वर्ष दर साल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं, त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत ही संधी आणखी मोठी होईल.

परताव्याचे नियम पाठ करा

हक्क माहीत नसले तर एजंट सांगेल तेच खरं मानावं लागतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांचे नियम साध्या भाषेत असे:

तिकीट कोणत्याही प्रकारचं असो, रद्द केल्यावर कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळतात. "नॉन-रिफंडेबल" लिहिलं असलं तरीही. मात्र ते मागावे लागतात.

रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही.

2025 मध्ये नियम असा होता की प्रवास सात दिवस किंवा त्याहून पुढे असेल, तर तिकीट काढल्यापासून 24 तासांत ते फुकट रद्द करता येतं. नोव्हेंबर 2025 मध्ये डीजीसीएने ही मुदत 48 तास करण्याचा मसुदा मांडला. तिकीट काढाल त्या दिवशी कोणता नियम चालू आहे ते पाहून घ्या.

एजंटकडून तिकीट घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची असते.

उड्डाण कंपनीने रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं काय हवं ते प्रवाशाने ठरवायचं.

एक बारीक गोष्ट लोकांना माहीत नसते. हे परताव्याचे नियम भारतीय कंपन्यांना लागू आहेत. परदेशी कंपन्या त्यांच्या देशाच्या नियमांनुसार परतावा देतात. आखातातल्या कंपनीचं तिकीट घेताना तिच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतील.

आणि कंपनीच बंद पडली तर? जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. ज्यांनी महिनोन्‌महिने आधी तिकिटं काढून ठेवली होती, त्यांचे पैसे अडकले. सहा-आठ महिने आधी तिकीट काढण्यात हाही धोका असतो.

तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. एजंटला पैसे दिल्यावर पीएनआर नंबर मागा आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून पाहा. एजंट कितीही ओळखीचा, मोहल्ल्यातला असला तरी पावती घ्या. देण्याघेण्याची लिखापढी करायला आपल्या दीननेच शिकवलं आहे, त्यात कोणी वाईट वाटून घेऊ नये. पूर्ण पॅकेज घेत असाल तर टीसीएस कापला जातो; 2025-26 या आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या परदेशी पॅकेजवर तो 5 टक्के होता. तो पॅन नंबरवर जमा होतो आणि रिटर्न भरून परत मागता येतो किंवा करात वळता होतो. आपल्याकडे बहुतेक जण तो सोडून देतात.

नागपूर ते मुंबई, हा तुकडा

भंडाऱ्याहून नागपूरचा विमानतळ दीड-दोन तासांवर आहे. पण नागपूरहून जेद्दाला थेट जाणारं नेहमीचं विमान नाही. त्यामुळे पैसे वाचवायला बरेच लोक मुंबई-जेद्दा तिकीट वेगळं काढतात आणि मुंबईपर्यंत विमानाने किंवा भंडारा रोडहून विदर्भ एक्सप्रेसने जातात.

इथे सांभाळा. दोन तिकिटं वेगळी असली आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. डिसेंबरमध्ये परदेशी जाणाऱ्या ज्या प्रवाशांची तिकिटं अशी वेगळी होती, त्यांना दुहेरी धोका होता. शक्य असेल तर नागपूर ते जेद्दा एकाच पीएनआरवर घ्या. वेगळंच घ्यायचं असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा, हज हाउस किंवा नातेवाइकांकडे मुक्कामाची सोय आधी बघा. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट काढलं तरी रेल्वेच्या त्या तारखेची आठवण लावून ठेवा.

गोंदियाच्या बिरसी विमानतळाकडेही काही लोक आशेने पाहतात. तिथे मार्च 2022 मध्ये सुरू झालेली इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काही महिन्यांतच बंद पडली. डिसेंबर 2023 मध्ये हैदराबाद-तिरुपतीसाठी पुन्हा विमान सुरू झालं. लहान विमानतळावरच्या सेवेच्या भरवशावर फार पुढचं परदेशी तिकीट जोडू नये.

हजमध्ये प्रश्न "केव्हा"चा नाही

हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना तिकीट केव्हा काढायचं हा प्रश्नच येत नाही. तिथे विमानाचं भाडं निविदेतून ठरतं आणि निघण्याच्या ठिकाणानुसार बदलतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या आदेशानंतर हजची सबसिडी 2018 मध्ये पूर्ण बंद झाली. आता जे भाडं निघेल ते हाजीच भरतो.

2023 मध्ये औरंगाबादहून जाणाऱ्या हाजींना मुंबईपेक्षा सुमारे 88 हजार रुपये जास्त भरावे लागले, नागपूरहून जाणाऱ्यांना सुमारे 60 हजार. 2024 मध्ये केरळात कोळिकोडहून सुमारे 1 लाख 65 हजारांचं भाडं निघालं, तर कोचीहून 86 हजारांच्या आसपास. तिथल्या लोकांनी, खासदारांनी आवाज उठवला आणि कोळिकोडचं भाडं काही प्रमाणात कमी झालं. बोललं तर फरक पडतो, एवढं त्यातून दिसलं. हजचा फॉर्म भरताना नागपूर की मुंबई हे ठरवण्याआधी मागच्या वर्षीच्या दोन्ही रकमा शेजारी मांडून पाहा. वृद्ध आई-वडिलांना मुंबईपर्यंत नेण्याचा त्रासही त्या हिशेबात धरा.

खासगी टूरने जाणाऱ्यांना 2025 चा धक्का विसरता येणार नाही. 52 हजारांहून जास्त जागा होत्या. सौदीतले करार आणि पैसे वेळेत पूर्ण झाले नाहीत, आणि शेवटी फक्त 10 हजार लोकांची सोय होऊ शकली. पैसे भरले म्हणजे जागा पक्की झाली, असं समजू नये.

आपण काय मागायला हवं

घराघरात शहाणपण आलं तरी सगळा भार प्रवाशावर टाकणं बरोबर नाही. भाड्यातल्या मनमानी चढउतारांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राला नोटीस दिली आहे. डिसेंबरमध्ये सरकारने एका दिवसात मर्यादा घालून दाखवली. म्हणजे यंत्रणा आहे, ती संकटाच्या पलीकडेही वापरता येते. ईद, दिवाळी, कुंभ, अधिवेशन अशा दिवसांसाठी कमाल भाडं आधीच जाहीर व्हावं, ही मागणी सगळ्यांच्याच फायद्याची आहे, एकट्या मुसलमानांची नाही.

दुसरी मागणी आपल्या भागाची. विदर्भ, मराठवाड्याचा काही भाग, छत्तीसगड आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून उमराहला जाणाऱ्यांचा आकडा एकत्र केला, तर रमजानच्या दिवसांत तरी नागपूरहून जेद्दाला थेट विमान का नसावं? तो आकडा गोळा करण्याचं काम जमातींनी, टूरवाल्यांनी आणि मशीद कमिट्यांनी मिळून करावं, आणि खासदारांकडे कागदावर द्यावं.

तोपर्यंत एक विनंती. कर्ज काढून, दागिने गहाण टाकून सेलचं तिकीट घेऊ नका. हज फर्ज होण्यासाठीसुद्धा इस्तिताअत लागते. "भाडं पुन्हा मिळणार नाही" असं म्हणणाऱ्याला विचारा, "आणि रद्द झालं तर?" त्याने आकडा सांगितला तरच पुढे बोला.

खालाचं तिकीट आम्ही या आठवड्यात काढलं, शव्वालच्या पहिल्या आठवड्याचं. सगळ्यात स्वस्त भाड्यापेक्षा 3,200 रुपये जास्त गेले, पण तारीख बदलता येते, आणि नागपूरपासून जेद्दापर्यंत एकच पीएनआर आहे. व्हिसाचा अर्ज निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी करू. तिने तिकिटाचा कागद हातात घेऊन तारीख विचारली, मग भिंतीवरच्या उर्दू कॅलेंडरवर स्वतः बोट ठेवून चाँदची तारीख तपासली. यावेळी आम्हीही तपासली होती.